व्हिनेगर, सोडा, मीठ आणि तुरटी : फरशीच्या ‘रामबाण’ कृतीचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या सोसायट्यांच्या आणि भिशी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर फरशी पुसण्याच्या एका घरगुती कृतीचा मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा. बाजारातले फिनेल आणि फ्लोअर क्लीनर म्हणजे विष आहे, ते आजच बंद करावे. त्याऐवजी बादलीभर पाण्यात अर्धा कप व्हिनेगर, दोन चमचे खाण्याचा सोडा, मूठभर मीठ आणि तुरटीचा खडा घालावा. फेस आला की मळ सुटतो आहे असे समजावे. संगमरवरापासून शहाबादीपर्यंत कोणत्याही फरशीला हे पाणी चालते आणि त्याने ९९.९ टक्के जंतू मरतात. डाग हट्टी असेल तर नुसते व्हिनेगर किंवा लिंबू अर्धा तास लावून ठेवावे, आणि संडास-न्हाणीघरासाठी याच पाण्यात थोडी ब्लीचिंग पावडर मिसळावी.

हा मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल शंका नाही. परंतु त्यातले काही दावे पोकळ आहेत, काही दगडाचे कायमचे नुकसान करणारे आहेत आणि शेवटचा तर जिवाशी खेळ आहे. त्यामुळे त्यांचा एकेक करून विचार करणे आवश्यक वाटते.

‘फिनेल म्हणजे विष’ या पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचे काळे फिनेल पोटात गेले किंवा न पातळ करता कातडीला लागले तर ते घातकच असते. पांढरे फिनेल बहुधा पाइन तेलाचे असते. ते तुलनेने सौम्य असले तरी रांगत्या मुलाच्या हाती लागू देण्यासारखे नाही. मांजरे पाळणाऱ्यांनी काळे फिनेल घरात वापरूच नये, कारण फिनॉल पचवून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते आणि ओल्या फरशीवरून चालून आलेले मांजर पंजे चाटतेच. तथापि यावरून ‘सगळेच बंद करा’ हा निष्कर्ष निघत नाही. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून, वाळेपर्यंत मुलांना दूर ठेवून वापरलेले द्रव्य आणि अंदाजाने ओतलेले द्रव्य यांत मोठा फरक असतो. घरात कोणी आजारी नसताना रोजच्या रोज जंतुनाशकाने फरशी पुसण्याची मात्र खरोखरच गरज नसते, एवढे या मजकुराच्या बाजूने मान्य करावे लागेल.

आता फेसाकडे वळू, कारण लोकांचा विश्वास बसतो तो या फेसावरच. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल आणि सोड्यातले सोडियम बायकार्बोनेट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. फेस म्हणजे तो वायू होय. मागे उरते ते पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार. हिशोब करून पाहावा. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के आम्ल धरले तर अर्धा कप, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ४ ग्रॅम आम्ल असते आणि ते पुरते संपवायला साडेपाच-पावणेसहा ग्रॅम सोडा, म्हणजे जेमतेम एक चमचा, पुरतो. मजकुरात दोन चमचे सांगितले आहेत. म्हणजे आम्ल तर संपलेच, थोडा सोडा तेवढा शिल्लक राहिला. व्हिनेगरचा गुण सोड्याने मारला आणि सोड्याचा गुण व्हिनेगरने मारला. मळाशी कोणाचीच गाठ पडली नाही. तुरटीचे पाणीही आम्लधर्मीच असते. उरलेल्या सोड्याशी तिची गाठ पडली की पांढरा, कापसासारखा साका धरतो. गढूळ पाणी निवळण्यासाठी तुरटी फिरवतात ती या साक्यासाठीच. पिण्याच्या पाण्यात तो भांड्याच्या तळाशी बसतो, पण फरशीच्या पाण्यात तो फडक्याबरोबर फरशीवर पसरतो आणि काळसर फरशीवर धुरकट ओघळ दिसू लागतात. मग तक्रार होते की फरशी ‘निघत’ नाही, आणि आणखी एक मूठ मीठ पडते.

‘कोणत्याही फरशीला चालते’ हा दावा मला सर्वांत नुकसानकारक वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

कोल्हापूरच्या एकाच गल्लीत किती प्रकारच्या फरशा सापडतात ते पाहावे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत शहाबादी आणि लाल कोबा, सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बंगल्यांत मोझॅक, जिन्याला कोटा, स्वयंपाकाच्या ओट्याला कडप्पा, देवघरापुढे संगमरवर आणि अलीकडच्या फ्लॅटमध्ये सर्वत्र व्हिट्रिफाइड टाइल. यांपैकी शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. संगमरवरही मुळात चुनखडीच. उष्णता आणि दाबाने तिचे रूपांतर झालेले असते इतकेच. मोझॅकमध्ये संगमरवराच्या चिपा सिमेंटमध्ये बसवलेल्या असतात आणि सिमेंटलाही आम्ल सोसत नाही. या सर्वांचा मुख्य घटक असलेल्या कॅल्शियमच्या संयुगांवर आम्ल पडले की ती विरघळू लागतात. याउलट आपल्या भागातला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, ज्याचे अंबाबाईचे मंदिर उभे आहे, तो सिलिकेटांचा बनलेला असल्यामुळे व्हिनेगरला दाद देत नाही. दोन्ही दगडच, दोन्ही काळसर. पण एकाला जे चालते ते दुसऱ्याला चालत नाही.

बादलीतल्या मिश्रणातले आम्ल सोड्याने संपून जात असल्यामुळे ते दगडाला फारसे अपाय करत नाही, हा योगायोग. खरे नुकसान होते ते ‘हट्टी डागावर नुसते व्हिनेगर किंवा लिंबू अर्धा तास ठेवा’ या वाक्यामुळे. याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर मिसळीबरोबरच्या लिंबाची फोड, चिंचेचा कोळ किंवा दह्याचे भांडे रात्रभर राहिले की सकाळी तिथे पांढुरका, खरखरीत चट्टा उमटलेला असतो, हे बहुतेक घरांनी पाहिलेले आहे. तो डाग नसतो, दगडाची चकाकी तेवढ्या जागी खाल्ली गेलेली असते; म्हणून कितीही घासले तरी तो जात नाही आणि पुन्हा पॉलिश करण्यावाचून उपाय राहत नाही. देवघरापुढच्या संगमरवरावरचा तेलाचा डाग काढायला कोणी अर्धा तास लिंबू ठेवले तर तेल कदाचित राहील, चकाकी नक्की जाईल. घराचे काम संपताना सिमेंटचे थेंब काढण्यासाठी फरशीवर बाजारातले ‘ॲसिड’ ओतण्याची रीत तर याहून वाईट आहे, कारण ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते सांध्यांतले सिमेंट भुसभुशीत करते आणि त्याच्या वाफेने नळ, बिजागऱ्या, कड्या गंजतात.

आपली फरशी कोणत्या जातीची हे ठाऊक नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब दहा मिनिटे ठेवून पुसावा आणि तिरक्या उजेडात पाहावे. तेवढी जागा निस्तेज झाली असेल तर त्या घरात आम्लाचा कोणताही पदार्थ फरशीला लावायचा नाही, मग तो ‘नैसर्गिक’ असो वा बाटलीतला. व्हिट्रिफाइड आणि चकाकी असलेल्या सिरॅमिक टाइलवर पातळ केलेले व्हिनेगर चालते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे पापुद्रे नळावर, टाइलवर धरतात, त्यांवर ते उपयोगीही पडते. मात्र ते सांध्यांत मुरू न देता लगेच साध्या पाण्याने पुसावे.

मीठ जंतू मारते, असे सांगताना लोणच्याचा दाखला दिला जातो. लोणच्यात मीठ किती पडते आणि पाच लिटर पाण्यात एक मूठ मीठ म्हणजे किती, याचा विचार कोणी करत नाही. ते प्रमाण जेमतेम १ टक्का भरते. कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू १० टक्के मिठातही सहज वाढतात. उपयोग नाही तो नाही, वर तोटा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेली असते. त्यामुळे मिठाच्या पाण्याने पुसलेली फरशी पावसाळ्यात वाळता वाळत नाही, पायाला चिकटते आणि वृद्धांच्या पायाखाली निसटते. शहाबादीसारख्या सच्छिद्र दगडात तर हे मीठ आत मुरते. ऊन पडले की ते दगडाच्या पोटात स्फटिक धरते आणि वरचा पापुद्रा सोलून काढते. भिंतीला लोणा लागतो तसाच प्रकार फरशीला होतो. भिंतीला तो आपोआप लागतो, इथे आपण आपल्या हाताने लावतो.

जंतूंचे ९९.९ टक्के हा आकडा बाजारातल्या बाटल्यांवरून उचललेला आहे. तिथेही तो विशिष्ट तीव्रतेला आणि फरशी काही मिनिटे ओली राहिली तरच लागू असतो, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आपण करतो काय, तर बादलीत एक टोपण टाकतो, फडके मारतो आणि लगेच पंखा लावतो. आणखी एक चूक फार सर्रास होते. अनेक फ्लोअर क्लीनरमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असते. त्याच बादलीत चांगला फेस यावा म्हणून कपड्याची पावडर किंवा साबण टाकला की दोन्हींचे विरुद्ध विद्युतभार एकमेकांना धरून बसतात आणि जंतुनाशक निकामी होते. ज्यांना दोन्ही वापरायचे आहेत त्यांनी आधी साबणाने धुऊन, साध्या पाण्याने पुसून, मगच जंतुनाशक वापरावे.

एरवी रोजच्या सफाईचे निम्म्याहून अधिक काम केरसुणीच करते. केर नीट काढलेला असेल तर साधे पाणी, फार तर त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे काही थेंब, दोन बादल्या (एक पुसण्याची, दुसरी फडके पिळण्याची) आणि स्वच्छ फडके एवढ्यावर दगडापासून टाइलपर्यंत सर्व फरशांचे भागते. लिक्विड जास्त झाले तर त्याचाच थर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. लाल कोब्याचेही याहून वेगळे नाही.

जंतुनाशकाची खरी गरज पडते ती पुरानंतर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी या दोन्ही खुणांच्या पुष्कळ वर गेली आणि शाहूपुरीपासून दुधाळीपर्यंत घराघरांत मैलामिश्रित गाळ शिरला. अशा वेळी ब्लीचिंग पावडर योग्यच आहे, पण क्रम पाळला पाहिजे. गाळ आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी गाळ खरवडून काढावा, मग साबणाच्या पाण्याने घासून धुवावे आणि शेवटी ब्लीचिंगचे पाणी वापरावे. ताज्या पावडरीत सुमारे ३० टक्के क्लोरीन धरले तर १० लिटर पाण्यात ३३ ग्रॅम पावडर घातल्याने ०.१ टक्क्याचे द्रावण होते. ते काही वेळ स्थिर ठेवून वरची निवळी वापरावी, कारण खाली बसलेला चुना फरशीवर पांढरा राहतो. फरशी दहा मिनिटे ओली राहू द्यावी, नंतर साध्या पाण्याने धुवावी. मागच्या वर्षीची, उघड्या पिशवीतली पावडर बहुधा निकामी झालेली असते.

आणि नेमक्या याच पावडरीबद्दल त्या मजकुरातली शेवटची सूचना आहे. व्हिनेगर-तुरटीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळली आणि सोडा घालायचा राहून गेला, किंवा संडासात आधीच टॉयलेट क्लीनर टाकलेला असला, तर आम्ल आणि ब्लीचिंग पावडरीतले हायपोक्लोराइट यांच्या संयोगातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, त्यामुळे तिथे ही क्रिया फार वेगाने होते. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असल्याने तो खाली साचतो, आणि आपल्याकडे न्हाणीघर घासणारी व्यक्ती उकिडवी बसलेली, दार लोटलेले, झरोका टीचभर. जास्त जोर यावा म्हणून मिसळलेल्या दोन पदार्थांचा सर्व जोर तिच्या फुफ्फुसांवर पडतो. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रव्याबरोबरही ब्लीच मिसळू नये. त्यातून क्लोरामाइन नावाचे तितकेच दाहक वायू तयार होतात. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हाती बादली देणाऱ्यांनी तर हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, कारण बाटलीवरची सूचना त्यांच्या भाषेत असतेच असे नाही.

असे मिश्रण चुकून झालेच आणि डोळे चुरचुरू लागले, घशात आग होऊन खोकला सुरू झाला, तर त्यात आणखी काही ओतून ते ‘मारण्याचा’ प्रयत्न करू नये. बादली तिथेच सोडून ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, जाता जाता दारे-खिडक्या उघडता आल्या तर उघडाव्यात, डोळे आणि कातडी भरपूर साध्या पाण्याने धुवावी. दम लागत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट सीपीआर रुग्णालयात जावे. खोकला थांबला म्हणून घरीच झोपून राहणे योग्य नाही, कारण क्लोरीनने झालेली फुफ्फुसांची सूज काही तासांनंतरही वाढू शकते.