आयएसआयएन सोडून सगळे नंबर आहेत!

काल रात्री साडेअकरापर्यंत मी माझ्याच पैशांची ओळखपरेड घेत बसलो होतो. 2015 साली घेतलेली इक्विटी म्युच्युअल फंडाची युनिट्स यंदा विकली, ती इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायची होती. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेली असतील तर प्रत्येकाचा आयएसआयएन, म्हणजे बारा अक्षरांचा ओळख क्रमांक, वेगळा टाकावा लागतो. टाकू की. पण आहे कुठे तो?

फंड हाऊसने पाठवलेल्या स्टेटमेंटवर फोलिओ नंबर आहे, मध्ये तिरकी रेघ मारलेला. एजंटचा नोंदणी क्रमांक, म्हणजे एआरएन, आहे. ज्याने माझा फॉर्म भरून घेतला, त्याचा ईयूआयएन, म्हणजे कर्मचारी क्रमांकसुद्धा आहे. तो मुलगा नोकरी सोडून केव्हाच गेला, पण त्याचा नंबर आहे! फंडासाठी गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचा स्वतःचा स्कीम कोड आहे. माझा पॅन तर दोनदा आहे. आयएसआयएन? शोधून डोळे फुटायची वेळ आली.

दुपारी फंड हाऊसला फोन केला होता. "सर, फोलिओ नंबर सांगा." अहो बाई, फोलिओ म्हणजे माझं खातं. त्या एका खात्यात तुमच्याच चार स्कीम्स पडल्यात. मी त्यातल्या एकीबद्दल विचारतोय. "मग सर, ॲम्फी कोड चालेल का?" तो फंड कंपन्यांच्या संघटनेने दिलेला नुसत्या आकड्यांचा नंबर, आणि इथे बारा अक्षरांचा आयएसआयएन मागतायत. कसा चालेल?

मग नेटवर शोधलं. ऑक्टोबर 2017 मध्ये सेबीने स्कीम्सचे प्रकार ठरवून दिले आणि पुढच्या वर्षी धडाधड नावं बदलली. माझ्या फंडाचंही दुसरं बारसं झालं. जुन्या नावाने काहीच सापडेना. नव्या नावाने सापडले ते एकदम चार: रेग्युलर (एजंटमार्फत) ग्रोथ, रेग्युलर आयडीसीडब्ल्यू (म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड), डायरेक्ट (एजंटशिवाय) ग्रोथ, डायरेक्ट आयडीसीडब्ल्यू. चारही आयएनएफने सुरू होणारे आणि शेवटच्या दोन-तीन आकड्यांपर्यंत जुळ्या भावांसारखे.

म्हणजे बघा, नाव बदलतं, एजंट बदलतो, फंड मॅनेजर तर बदलतोच. नेमकी कुठली स्कीम, त्यातला कुठला प्लॅन, कुठला पर्याय, हे एका दमात सांगणारा हा नंबर. आणि छापताना नेमका तोच गाळायचा!

शेवटी डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये मिळाला. पासवर्ड टाकून उघडायची पीडीएफ, पान नववं, मुंगीएवढी अक्षरं, त्यात कॉपीही होईना. हाताने टाइप केला. 'अवैध.' आयएसआयएनचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा अक्षरांवरून गणित करून काढलेला असतो, टाइप करताना चूक झाली तर मशीनला कळावी म्हणून. मशीनला कळली हो. कुठे चुकलं ते मला कोण सांगणार? वीस मिनिटांनी उमगलं, मी ओ समजत होतो ते शून्य होतं.

आणि 31 जानेवारी 2018 नंतर घेतलेली युनिट्स? ती सगळी एकाच ओळीत एकत्र. त्या ओळीत आयएसआयएनच्या जागी काय असतं, माहितीये? 'इन नॉट रिक्वायर्ड', सलग, कॅपिटलमध्ये. बारा अक्षरांत बसावं म्हणून रिक्वायर्डच्या स्पेलिंगमधला शेवटचा ई उडवलाय!