वस्ताद पाय बघतो, आपण उंची बघतो

कोल्हापुरात फुटबॉलचा नाद खुळा, आणि कुस्तीबद्दल तर बोलायलाच नको. बास्केटबॉल या दोघांच्या मागं कडेला उभा. तरी सकाळी सहाला उठून मोबाईलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, लावणारी मंडळी इथं बरीच आहेत, आणि त्यांचा वाद रंगतो तो एकाच गोष्टीवर: भारी कोण? स्टीफन करी की निकोला जोकिच, शे गिल्जस-अलेक्झांडर की लुका डॉन्चिच? घाला वाद, मजा आहे. पण तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद आधी त्याचा पवित्रा बघतो, आणि त्याच गावातली माणसं बास्केटबॉल बघताना पायांकडं ढुंकूनही बघत नाहीत, हे काय पटत नाही. खेळाडू असो की त्याचा कोच, दोघांचीही खरी पारख पायांवरूनच होते असं माझं मत आहे.

जोकिचचंच घ्या. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, ४१ वा नंबर. त्याची निवड झाली तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती, एवढी त्याची किंमत! उडी म्हणाल तर पायाखालून वर्तमानपत्र जेमतेम सरकेल. तरी २०२१, २०२२ आणि २०२४ ला एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, २०२३ ला डेन्व्हरला विजेतेपद. त्याचं सगळं भांडवल पिव्होटमध्ये आहे. एक पाय रोवलेला, दुसरा पाय आत-बाहेर फिरतोय, आणि नजर समोरच्याच्या तोलावर. समोरच्याचं वजन एका टाचेवर गेलं रे गेलं की हा उलट्या बाजूनं वळतो. तोल काढल्याशिवाय डाव लावायचा नाही, हे खासबागेत कुस्ती बघत बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको. यात सर्बियातल्या मेगा क्लबचे कोच देयान मिलोयेविच यांचा वाटा मोठा. जाडजूड, व्यायामाला कच्चा पोरगा हाताखाली आला, तरी त्यांनी त्याच्या हातात चेंडू ठेवला, पास करू दिले. दुसऱ्या एखाद्यानं त्याला रिंगखाली रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू धरायला, उभा केला असता आणि विषय संपला असता.

शेची गंमत वेगळी. २०२५ ला एमव्हीपी, फायनल्सचा एमव्हीपी आणि ओक्लाहोमा सिटी थंडरला विजेतेपद, सगळं एकाच मोसमात. त्याच्यापेक्षा जोरात पळणारे लीगमध्ये पुष्कळ सापडतील, ब्रेक मात्र त्याच्यासारखा कुणाचा नाही. ड्राइव्ह करताना, म्हणजे चेंडू घेऊन रिंगकडं घुसताना, शेवटच्या दोन पावलांत तो कंबर खाली घेतो, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवतो आणि जागच्या जागी थांबतो. बचाव करणारा दोन पावलं पुढं निघून गेलेला असतो. आता आपल्या पोरांचा पुल-अप, म्हणजे पळता पळता थांबून मारलेला शॉट, बघा: चवड्यांवर थांबतात, गुडघे ताठ, अंग पुढं झुकलेलं. मग शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटतो आणि सगळे ओरडतात, ‘हात नीट कर!’ हाताचा काय दोष त्यात?

करीबद्दलही तेच. २०१५-१६ ला ४०२ थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, एकमतानं एमव्हीपी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण २०११-१२ ला घोट्यांच्या दुखण्यानं तो जेमतेम २६ सामने खेळला होता, आणि त्यावरचा मोठा इलाज निघाला कंबर आणि मांड्यांमध्ये. वळताना, थांबताना येणारा भार घोट्यानं न घेता खुब्याच्या मोठ्या स्नायूंनी घ्यावा, म्हणून डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, आणि एका पायावरचा तोल, यावर त्याच्याकडून वर्षानुवर्षं काम करून घेतलं गेलं. दुसरी गोष्ट त्याहून जुनी. शाळेत असताना त्याचा शॉट कमरेपासून निघायचा. वडिलांनी, म्हणजे डेल करींनी, एका उन्हाळ्यात तो मोडून डोक्यावरून सोडायला लावला, आणि कित्येक आठवडे पोराला लांबून चेंडू पोचवताच येईना. असा वेळ द्यायची तयारी इथल्या किती पालकांची आहे? पुढच्या महिन्यात आंतरशालेय स्पर्धा असते ना!

आता उंची. बारा वर्षांचं पोरगं वर्गात सगळ्यांत उंच दिसलं की त्याला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, करून टाकायचं, ड्रिबल शिकवायचंच नाही, हा आपला ठरलेला खाक्या. त्या वयात उंच असलेली बरीच पोरं नुसती लवकर वाढलेली असतात. सोळाव्या वर्षी बाकीचे त्यांना गाठतात, आणि मग सेंटरची उंचीही नाही आणि चेंडू खेळवणाऱ्या गार्डचा हातही नाही. याच्या उलट अँथनी डेव्हिस. शाळेत गार्ड होता, मग भराभर वीस सेंटिमीटर वाढला, पण हातातलं गार्डचं कसब तसंच राहिलं. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ ला डॅलसनं ५२ व्या नंबरवर घेतला. भारतात जन्मलेला पहिलाच ड्राफ्ट झालेला खेळाडू, उंची सात फूट दोन इंच. एनबीएचा एकही सामना खेळला नाही. धावतपळत थ्री मारणाऱ्यांच्या काळात तो जुन्या पद्धतीचा, रिंगजवळचा गडी होता. शेवटी कुस्तीकडं गेला, आपल्या मातीतल्या नव्हे, अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या.

शाळेच्या मैदानावर पहिली चूक साहित्याची होते. दहा वर्षांच्या पोराला सात नंबरचा चेंडू आणि ३.०५ मीटरची रिंग दिली की ते पोरगं चेंडू कमरेपासून फेकणारच, दुसरा मार्गच नाही. मिनी बास्केटबॉलला पाच नंबरचा चेंडू आणि २.६० मीटरची रिंग असते, ती काय उगीच नाही. वेल्डिंगवाल्याकडून जादा हुक लावून घेतले तर त्याच खांबावर बोर्ड खाली आणता येतो. शॉट शिकवायला रिंगपासून एक मीटरवर उभं करा, एकाच हातानं, दुसरा हात पाठीमागं. दहातले सात जायला लागले की एक पाऊल मागं. पुढं दुसरा हात आधाराला लावल्यावर चेंडू हवेत आडवा फिरत असेल तर आधाराच्या हाताचा अंगठा ढकलतोय. उजवीकडं-डावीकडं जात असेल तर कोपर बाहेर पडतंय. नुसता आखूड पडत असेल तर गुडघा वाकत नाही, किंवा लांब उभं करायची घाई झालीय.

स्टेप्सचं, म्हणजे चेंडू हातात धरून जादा पावलं टाकल्याचं, भांडण तर रोजचंच. बहुतेक वेळा चूक ड्रिबल सुरू करताना होते: चेंडू हातातून सुटायच्या आधीच पिव्होटचा पाय उचललेला असतो. पळता पळता चेंडू घेताना जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं मिळतात. हा नियम फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, २०१७ ला आणला, तरी आपल्याकडं अजून त्यावर शिट्ट्या वाजतात. मुलींच्या संघात रिबाउंडनंतर खाली येताना गुडघे आत वळतात का, हे खास बघा. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, तिथंच जातं, आणि ते लवकर बरं होत नाही.

मोठ्या कोचचं नाव घेतलं की लोक डावपेच विचारतात. एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ ला मायामी हीट संघात व्हिडिओच्या खोलीत कामाला लागला आणि पुढं त्याच संघाला त्यानं २०१२ आणि २०१३ ला जिंकून दिलं. तासन् तास रेकॉर्डिंग बघणं हीच त्याची तालीम. कोच पोपोविचच्या २०१४ च्या सॅन अँटोनियो स्पर्स संघात तर चेंडू हातात आला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं, शॉट, पास की ड्राइव्ह. हे आपल्याकडं शिकवायला पैसे लागत नाहीत: चार पोरं, एक चेंडू, ड्रिबल बंद, आणि कोचनं मोठ्यानं ‘एक’ म्हणायच्या आत पास.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस असा की सिमेंटच्या कोर्टवर पाय ठेवता येत नाही. बऱ्याच ठिकाणी चार महिने सराव बंदच. पण पिव्होट, दोन पायांवर थांबणं, गुडघा वाकवून उतरणं, यातल्या कशालाही रिंग लागत नाही. शाळेचा व्हरांडा, एखाद्या मंडळाचा हॉल, दहा फूट कोरडी जागा पुरते. खडूनं चौकोन काढायचा, रोज वीस मिनिटं, उजव्या पायावर पंचवीस पिव्होट, डाव्यावर पंचवीस. चेंडू नसला तर पाण्याची बाटली हातात द्या.