ताटलीतला गोल म्हणजे औषध नव्हे

आज सकाळी घरच्या ग्रुपवर काकांनी कात्रण टाकलं. कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी म्हणे दगडी पाल्याचा अर्क ‘सिप्रोफ्लॉक्सासिनपेक्षा प्रभावी’, म्हणजे त्या अँटिबायोटिकपेक्षा, असल्याचं सिद्ध केलं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ हे ठरलेलं वाक्य. माझं डोकंच फिरलं.

पोरांवर राग नाही. त्यांना बिचाऱ्यांना तेवढंच करायला सांगतात. ताटलीत आगार नावाच्या जेलीवर जिवाणू पसरा, भोक पाडून त्यात अर्क घाला, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा, सकाळी भोकाभोवती जिवाणू न वाढलेला गोल पट्टीनं मोजा. गोल पडला की पेपर तयार.

एम.एस्सी.ला मीही हेच केलंय. अडुळसा, निर्गुडी आणि हाच दगडी पाला, मिथेनॉल या द्रावकात भिजवून. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, एका भोकात नुसतं मिथेनॉल घातलं होतं, पाल्याचा थेंबही नाही. सकाळी बघते तर तिथेही गोल! दगडी पाल्याच्या गोलापेक्षा जेमतेम लहान. सर म्हणाले, “तो फोटो नको लावूस.” मी लावला. तोंडी परीक्षेत त्यावर एकानंही प्रश्न विचारला नाही, याचा राग आजही आहे.

आता ते ‘पेक्षा प्रभावी’ बघू. तुलनेला ठेवतात त्या सिप्रोच्या चकतीत औषध असतं 5 मायक्रोग्रॅम. अर्क बहुतेक जण घेतात मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम. त्यातला 50 मायक्रोलिटर भोकात गेला तरी झाले 5 मिलिग्रॅम. म्हणजे हजारपट! हजार जणांनी मिळून एकाला लोळवलं तर त्याला कुस्ती म्हणाल? आणि माणसाच्या पेशींचं काय होतं ते कोण बघणार? गोल तर फिनाईलनंही झकास पडतो.

‘म्हणजे तुझा आपल्या औषधांवर विश्वासच नाही’ ही कमेंट येणारच. अरे, उलट आहे! माझी आजी खुरप्यानं बोट कापलं की बांधावरचा दगडी पाला तळहातावर चुरडून त्याचा रस पिळायची. मिथेनॉलमध्ये नाही भिजवला तिनं कधी. आणि तो जंतू मारायला लावते असं तरी कुठे म्हणाली होती? रक्त थांबावं म्हणून लावायची. मग रक्त थांबतं का, जखम लवकर भरते का, ते तपासा ना. तिचा प्रश्न सोडून आपल्याच प्रश्नाचं उत्तर काढायचं आणि वर तिच्या नावानं अभिमान बाळगायचा!

चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातली ओळ नीट वाचली. झाड पाण्यात भिजवून रस पिळा असं त्यात होतं, उकळा असं नव्हतं. म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आधी प्राण्यांवर बघितलं, मग 1972 मध्ये अर्क स्वतः घेऊन पाहिला. तेव्हा कुठे आर्टेमिसिनिन हाती आलं. मलेरियाचं आहे ते, जिवाणूंचं नाही, पण परंपरेचा मान ठेवणं मी याला म्हणते.

आणि ताटलीला कळतही नाही सगळं. दारुहळदीत बर्बेरीन हे जिवाणू मारणारं द्रव्य असतं, पण जिवाणू ते आपल्या पेशीतल्या पंपानं बाहेर फेकून देतात. तिच्याच कुळातल्या अमेरिकेतल्या एका झुडपात तो पंप बंद पाडणारा पदार्थ सापडला, 2000 मध्ये. तो पदार्थ एकटा जिवाणू मारतच नाही, बर्बेरीनला आत टिकू देतो. आपण तो ‘गोल नाही’ म्हणून बेसिनमध्ये ओतला असता.

मान्य, चार महिन्यांत आणि तुटपुंज्या बजेटात कॉलेज तरी किती करणार. सुरुवात म्हणून ताटली ठीक आहे.

पण गाईड मंडळींनो (माझ्या यादीत आहात, माहितीये), यंदाच्या बॅचला निदान एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढायला लावा. 96 खळग्यांची प्लेट आणि थोडं रेसाझुरिन नावाचं रंगद्रव्य. निळ्याचं गुलाबी झालं की जिवाणू जिवंत, एवढं सोपं आहे. आणि नुसत्या मिथेनॉलचा फोटो पोरांनी आणला तर तो लावू द्या.