मूत्रपिंड फुकट मिळतं, बाकीचं तेवढं बघा

घरात कुणाची मूत्रपिंडं निकामी व्हायच्या बेतात असतील तर वेळीच तयारीला लागा. थोरल्या भावाच्या प्रत्यारोपणानंतर आम्ही या विषयातले जाणकार झालो आहोत. विमा कंपनीचं नकाराचं पत्र परवाच आलंय, त्यामुळे ज्ञान अगदी ताजं आहे.

आधी उत्पन्न आवरा. धर्मादाय रुग्णालयात मोफत खाट हवी तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत हवं, निम्म्या दराची हवी तर ३ लाख ६० हजारांच्या आत. त्यावर हजार रुपये जरी जास्त कमावलेत तरी तुम्ही कुबेर. तेव्हा पगारवाढीची कुणकुण लागली की साहेबांचे पाय धरा. म्हणावं, घरात आजारपण आहे, यंदा नको.

तहसीलदारांचा दाखला आजच काढायला टाका. का, ते विचारू नका.

दाता निवडताना रक्तगट मागाहून बघा, आधी नोकरी बघा. केंद्र सरकारी नोकर मिळाला तर सोनंच, अवयवदात्याला २०२३ पासून ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा आहे. भावाला मूत्रपिंड देणाऱ्या आमच्या वहिनी इथेच चुकल्या. त्या डबे करतात. पोटाला टाके आहेत म्हणून गिऱ्हाईक महिनाभर उपाशी राहत नाही, दुसरीकडे डबा लावतं.

नवऱ्याला मूत्रपिंड द्यायचं असेल तर लग्नाचे फोटो जपून ठेवा. कागदपत्रांत लागतात. फोटोत दोघं हसत असतील तर बरं.

आता विमा. पॉलिसीत दात्याच्या खर्चाची एक ओळ असते. ती वाचू नका, एजंटाकडून ऐका, फार गोड वाटते. ‘सगळं त्यात येतं हो, काळजी नको.’ बहुतेक पॉलिसींत येतं ते इतकंच: टेबलावर मूत्रपिंड काढून घेण्याचा खर्च. त्याआधीचं क्रॉसमॅच, सीटी अँजिओ, बाटल्या भरभरून रक्ताच्या तपासण्या, आणि डिस्चार्जनंतरच्या फेऱ्या, सोनोग्राफी, औषधं, यातलं काहीही बसत नाही. कारण? ‘दाता हा रुग्ण नाही.’ खरंच की! धडधाकट बाई, हौस म्हणून सुया टोचून घेत हिंडत होती. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेला, फोन लावला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘सर, पेशंटचं नाव सांगा.’ भावाचं सांगितलं तर बिलं त्याची नाहीत, वहिनींचं सांगितलं तर त्या पेशंट नाहीत. मग ते मूत्रपिंड आलं कुठून? कुरिअरनं?

शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. जन्म जमेल तेवढा आखूड ठेवा.

आणि ३ ऑगस्ट चुकवू नका. त्या दिवशी अवयवदान दिन असतो. वहिनींना शाल-श्रीफळ मिळालं, सरकारी साहेबांचं भाषण झालं, ‘माउली’ वगैरे म्हणून झालं. माउलीच्या तपासण्यांचं बिल कोण भरणार, हे भाषणात नव्हतं.

नाही, आता मस्करी पुरे. १९९४ च्या कायद्यानं अवयव विकणं गुन्हा ठरवलं, ते योग्यच. पण त्याच कायद्यात ‘मोबदला’ म्हणजे काय ते सांगताना साफ लिहिलंय की दात्याला झालेला खर्च आणि त्याची बुडालेली कमाई भरून देणं म्हणजे मोबदला नव्हे. म्हणजे दात्याच्या खिशाला खार लागते, हे तेव्हाच ठाऊक होतं. तरी भरून देण्याची सक्ती कुणावर केली नाही आणि तीन दशकं सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसलेत. विमेवाल्यांनो, एका बाईनं आपला अवयव दिला म्हणून तुमच्या ग्राहकाचं डायलिसिस सुटलं, तुमचीही बिलं वाचली. तिच्या सोनोग्राफीचे पैसे नाकारताना लाज वाटायला हवी होती. आणि माउली म्हणणाऱ्या साहेबांनो, दात्याचा आधीचा-नंतरचा खर्च प्रत्येक पॉलिसीत घालायची सक्ती करा, डबेवालीच्या बुडालेल्या महिन्याचे पैसे द्या. जमत नसेल तर तिला स्टेजवर बोलावू नका.