निर्णय कौन्सिलचा नाही, म्हणून तिने गप्प बसावे का?

नमस्कार,

ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅबिंग्डनजवळ होऊ घातलेल्या जलाशयावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर टीका केलीत. तुमचा मुद्दा थोडक्यात असा: परवानगी देणार मंत्री, मग स्थानिक कौन्सिलने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या स्थानिक संस्थेने, ट्रकचे रस्ते, पायवाटा, बांधाची उंची यांवर बोलणी करत बसायचे कशाला? अशाने प्रकल्पाला लोकमान्यतेचा शिक्का मिळतो. विरोध असेल तर कौन्सिलने निव्वळ विरोध करावा.

तुमचा राग मला परका नाही. वेल्समधल्या कॅपेल केलिन या बुडवलेल्या गावाची आठवण ज्याला आहे, तो असाच बोलेल. 1957 साली लिव्हरपूलच्या कॉर्पोरेशनने, म्हणजे तिथल्या शहर कौन्सिलने, शहराच्या पाण्याच्या जलाशयासाठी थेट संसदेतून स्वतंत्र कायदा करून घेतला आणि तिथल्या स्थानिक नियोजन संस्थांची संमती घेण्याचा प्रश्नच निकालात काढला. वेल्सच्या खासदारांचा जवळजवळ एकमुखी विरोध होता, तरी ते गाव ज्यात होते ते त्रिवेरिनचे खोरे बुडाले. शाळा, चॅपेल, घरे, शेते, सगळे पाण्याखाली गेले. 1965 मध्ये जलाशयाचे उद्घाटन झाले आणि लिव्हरपूलच्या कौन्सिलने माफी मागितली ती थेट 2005 साली. खोरे बुडवणारीही एक कौन्सिलच होती, हे विसरता येत नाही.

पण या घटनेतून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला पटत नाही. त्या खोऱ्यातल्या लोकांचा विरोध कमी पडला नव्हता. त्यांचे म्हणणे ज्या जागी नोंदवून घेऊन तपासले गेले असते, ती जागाच कायद्याने वगळली होती. आज ती जागा आहे. ती अपुरी आहे हे मान्य, पण म्हणून आपण होऊन सोडून द्यायची?

इंग्लंडमध्ये 2008 च्या नियोजन कायद्यानुसार मोठे जलाशय राष्ट्रीय महत्त्वाचे प्रकल्प ठरतात. सध्याची मर्यादा 3 कोटी घनमीटर साठ्याची किंवा दिवसाला 8 कोटी लिटर पाणी देण्याच्या क्षमतेची आहे. त्याखालचा प्रकल्प स्थानिक कौन्सिलकडेच येतो. हॅम्पशायरमधल्या हॅव्हंट थिकेट जलाशयाला 2021 मध्ये परवानगी दिली ती तिथल्या दोन कौन्सिलनी. अ‍ॅबिंग्डनचा प्रस्ताव 15 कोटी घनमीटरचा, म्हणून तो मंत्र्यांकडे जाणार. तरीही कौन्सिलला ‘स्थानिक परिणाम अहवाल’ देता येतो, आणि निर्णय घेताना मंत्र्यांना तो विचारात घ्यावाच लागतो. वृत्तपत्रातल्या निवेदनाला असे कायदेशीर वजन नसते.

विरोधाचेही एक उदाहरण याच जागेचे आहे. 2010 साली इथल्याच आधीच्या, लहान प्रस्तावावर सार्वजनिक चौकशी झाली. कौन्सिल आणि रहिवासी तिथे घोषणा घेऊन गेले नव्हते. लोकसंख्येचे अंदाज, गळती, पाण्याची मागणी, पर्यायी स्रोत यांवर त्यांनी पाणी कंपनीचे आकडे तपासले. 2011 मध्ये सरकारने तो प्रस्ताव कंपनीच्या पाणी योजनेतून काढायला लावला, कारण त्याची गरज सिद्ध झाली नाही. हा विरोधच होता, पण अभ्यास करून केलेला. तुम्ही ज्याला वाटाघाटी म्हणून हिणवता, तेच काम त्यासाठी आधी करावे लागते.

आता तुम्ही ज्याला किरकोळ म्हणता त्या गोष्टींकडे वळतो, कारण खरा वाद तिथेच आहे. सपाट जमिनीवर चिकणमाती खोदून चहूबाजूंनी बांध घालायचा, म्हणजे वर्षानुवर्षे मातीकाम चालणार. दगड-खडी रेल्वेने येणार की गावातल्या रस्त्याने? काम पहाटे किती वाजता सुरू होणार? ऑक नदीच्या पूरक्षेत्रातली जागा बांधाखाली गेली, तर पुराचे पाणी कुठे पसरणार आणि त्याची भरपाई कोणत्या शेतात होणार? बंद झालेली पायवाट कधी आणि कुठून पुन्हा सुरू होणार? लंडनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला यातले काही आपसूक कळत नाही. कुठला नाला दर हिवाळ्यात तुंबतो, हे गावच सांगू शकते आणि कौन्सिलच ते कागदावर आणू शकते.

शिवाय परवानगी मिळाली की मंत्र्यांचे लक्ष दुसरीकडे जाते, कौन्सिलचे काम मात्र सुरूच राहते. परवानगीला जोडलेल्या अटींचे तपशील मंजूर करण्याचे काम बहुतेक वेळा स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे सहसा कौन्सिलकडेच, येते. अटी मोडल्या तर तो गुन्हा ठरतो आणि खटला भरण्याचा अधिकारही त्याच प्राधिकरणाला असतो. अट मोघम लिहिली असेल, तर दहा वर्षांनी कुठल्याही कोर्टात ती टिकवता येणार नाही. म्हणून शब्दाशब्दासाठी भांडणे आत्ताच व्हायला हवीत, आणि प्रकल्पाला विरोध असणाऱ्या कौन्सिलनेसुद्धा ती करायला हवीत. ‘आम्हाला हा जलाशय नको, तरीही तुम्ही तो लादणार असाल, तर या अटींशिवाय नाही’, असे एकाच अहवालात म्हणता येते. त्यात लाचारी मला दिसत नाही.

तुमचा एक आक्षेप मात्र मी पूर्ण गांभीर्याने घेतो. या कामासाठी लागणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वेळेचे पैसे कौन्सिल अनेकदा कंपनीकडूनच करार करून घेते, आणि त्यामुळे लोकांना संशय येतो. पण लहान कौन्सिलकडे जलशास्त्रज्ञ नसतो, आणि कंपनीच्या हजारो पानांपुढे रिकाम्या हाताने उभे राहणे त्याहून वाईट. माझी मागणी इतकीच आहे की असे करार जसेच्या तसे जाहीर व्हावेत: रक्कम किती, कोणत्या कामासाठी, आणि त्या पैशातून तयार झालेला प्रत्येक तांत्रिक अभिप्राय लोकांना वाचायला खुला.

आणि कौन्सिलवर तुमचा विश्वासच नसेल, तर तिच्यावर अवलंबून राहू नका. अर्ज तपासणीसाठी स्वीकारला गेला की कोणाही नागरिकाला ठरलेल्या मुदतीत स्वतःचे म्हणणे नोंदवून त्या प्रक्रियेत सहभागी होता येते. तुमच्या प्रतिक्रियेतला भूजलावरचा परिच्छेद चांगला आहे. तो तिथे जायला हवा.