दर्जा कमी केला तरी अडकतंय!

घरात जेलीफिन नावाच्या प्रोग्रामवर मीडिया सर्व्हर (घरचे सिनेमे नेटवरून इतरांना दाखवणारा संगणक) चालवणाऱ्याला रात्री साडेनवानंतर येणाऱ्या फोनमध्ये "कसा आहेस?" नसतं. थेट "अडकतंय रे" असतं. कुठल्या यंत्रावर, कुठली फाइल, हे विचारायला जावं तर "तू तिकडून बघ ना जरा" एवढंच उत्तर मिळतं. तिकडून बघता येतं, हीच तर पंचाईत. डॅशबोर्ड (सर्व्हरचं नियंत्रणाचं पान) उघडला की काका बाहेरगावी मोबाइलवर, मावशी तिच्या घरच्या टीव्हीवर, भाचा ब्राउझरमध्ये आणि या तिघांखाली दबलेला प्रोसेसर ९८ टक्क्यांवर, असं सगळं कुटुंबच समोर येतं.

यातला सगळ्यात प्रेमळ गुन्हेगार म्हणजे दर्जा मुद्दाम कमी ठेवणारा. "तुझ्या मशीनवर उगाच लोड नको, म्हणून मी ७२०पी केलंय," असं तो वर सांगतो. याच्यावर धड रागावताही येत नाही. त्याच्या डोक्यात नळाचं गणित असतं: तोटी अर्धी पिळली की पाणी कमी. सर्व्हरचं गणित नेमकं उलटं. मूळ दर्जा मागितला आणि फाइल त्या यंत्राला जशीच्या तशी कळत असली, की सर्व्हरला नुसती हमाली: डिस्कवरून उचललं, नेटवर्कवर टाकलं. याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि जुनाट लॅपटॉपही अशा दोन-चार गिऱ्हाइकांना झोपेत सांभाळतो. ७२०पी मागितलं की मात्र प्रत्येक फ्रेम उलगडायची, लहान करायची, पुन्हा बांधायची, आणि हे सेकंदाला २४ वेळा. तयार सदरा हातात देण्याऐवजी तो उसवून लहान मापाचा शिवायचा, तोही गिऱ्हाइकाने एक हात बाहीत घातलेला असताना. या उसवून शिवण्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर त्याचा वेग सेकंदाला किती फ्रेम असा दिसतो. तो २४च्या खाली गेला की अडकणारच. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा.

म्हणून घरातल्या घरात दर्जा कमाल ठेवायचा, हा माझा पहिला आणि सर्वात दुर्लक्षित नियम. वेब प्लेयरच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कचा आणि इंटरनेटचा दर्जा वेगवेगळा ठरवता येतो. पण ही निवड त्या ब्राउझरमध्ये साठते, खात्यात नाही. काकांचा लॅपटॉप बदलला की सगळं मुसळ केरात.

बाहेरून बघणाऱ्यांचा लगाम मात्र सर्व्हरच्या हातात हवा. डॅशबोर्डमध्ये प्लेबॅक, त्यात स्ट्रीमिंग, तिथे इंटरनेट बिटरेटची (दर सेकंदाला जाणाऱ्या डेटाची) मर्यादा असते. तशीच चौकट प्रत्येक वापरकर्त्याच्या पानावरही असते आणि तिथला आकडा सर्वांच्या आकड्यावर मात करतो. आकडा काढायचा अपलोडवरून. लोक हटकून डाउनलोडचा वेग सांगतात, कारण तो मोठा असतो आणि सांगायला बरा वाटतो. अपलोड २० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) असेल तर १६च धरा. उरलेल्यात घरातल्यांचे व्हिडिओ कॉल जगू द्या. एका वेळी चौघं बघणार असतील तर प्रत्येकी ४. एवढ्यात १०८०पी बऱ्यापैकी दिसतं आणि तासाला साधारण १.८ जीबी जातो. ही मर्यादा प्रत्येक प्रवाहाला असते, एकूण बेरजेला नव्हे. पाचवा नातेवाईक आला की पाचही जणांचे फोन येतात.

आता खरी मेख. मर्यादा ४ची घातली, जतन केली, तरी मावशी तिच्या घरून खुशाल ४० एमबीपीएस ओढते. कारण मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या मागण्या झेलून सर्व्हरकडे देणारी मध्यस्थ) बसलेली असते. सर्व्हरला सगळे पाहुणे प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात, तो पत्ता घरातला, म्हणून सर्व्हर मावशीला घरचीच समजतो. भावना चांगली आहे, पण अपलोडला परवडत नाही. प्रॉक्सीने पाहुण्याचा मूळ आयपी पत्ता पुढे पाठवायचा आणि जेलीफिनच्या नेटवर्किंगच्या पानावर त्या प्रॉक्सीचा पत्ता 'ओळखीच्या प्रॉक्सी'त लिहायचा, मग सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. दोन्हींपैकी एकच केलं तर काहीच केलं नाही असं समजा.

याच्या पुढची चूक हुशार माणसंच करतात: बिटरेटची मर्यादाही घालायची आणि प्रोसेसर वाचावा म्हणून त्या वापरकर्त्याची ट्रान्सकोडिंगची परवानगीही काढून घ्यायची. म्हणजे २० एमबीपीएसची फाइल ४च्या दारातून न्यायची, पण दुमडायची नाही. ती जात नाही. पडद्यावर नुसती चूक झळकते आणि फोनवरचं वाक्य "अडकतंय"वरून "लागतच नाहीये"वर येतं.

सबटायटल्सबद्दल तर मी शांतपणे बोलूच शकत नाही. ब्लू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल्स ही अक्षरं नसतात, चित्रं असतात. ती स्वतः काढता न येणारा प्लेयर असला की सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर चिकटवावी लागतात, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड. दर्जा कमाल, नेटवर्क मोकळं, तरी चित्र गचके खातं. सबटायटल बंद केलं की लोण्यासारखं चालतं. आणि समोरचा शपथेवर सांगतो, "मी कशालाच हात लावला नाही." त्याने नाही, पण त्याच्या खात्यात सबटायटल कायम दाखवा असं ठेवलेलं असतं. तिथे फक्त सक्तीची (परभाषेतल्या संवादांपुरती) दाखवा असं निवडायचं आणि फाइलशेजारी त्याच नावाची एसआरटी सबटायटल फाइल ठेवायची. ती साधा मजकूर असते. प्लेयर स्वतःच काढतो. त्यामानाने डीटीएस किंवा ट्रूएचडी प्रकारचा आवाज बदलावा लागला तर घाबरायचं कारण नाही, नुसत्या आवाजाचं ओझं किरकोळ.

हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (हे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणं) हा मोठा आधार आहे, पण नुसती टिचकी मारून भागत नाही. इंटेलच्या चिपमधली त्यासाठीची सोय, क्विक सिंक, निवडली की खाली कोडेकच्या (व्हिडिओ बांधायच्या पद्धतींच्या) चौकटींची रांग येते. उत्साहात सगळ्या भरल्या आणि त्यातला एखादा चिपला येत नसला की ती फाइल सुरूच होत नाही. १० बिट एचईव्हीसी या कोडेकसाठी सातव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर हवा. सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) असेल तर ग्राफिक्सचं उपकरण त्या कंटेनरला द्यायचं आणि जेलीफिन ज्या खात्यावर चालतं ते ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या रेंडर ग्रुपमध्ये हवं. एचडीआर (जास्त उजेड-रंगांची) फाइल असेल तर टोन मॅपिंगही (ते रंग साध्या पडद्याला जुळवणं) चालू करा, नाहीतर सगळी पात्रं आजारी दिसतात.

४के मात्र सरसकट वाटायची गोष्ट नाही. अल्ट्रा एचडी डिस्कचा बिटरेट १०० एमबीपीएसच्या वर जाऊ शकतो आणि कित्येक महागड्या टीव्हींचं इथरनेट पोर्ट १००चंच असतं. केबल काढून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जा असा सल्ला दिला की लोक आपल्याकडे संशयाने बघतात, पण तो बरोबर असतो. बाहेरच्यांसाठी १०८०पीची वेगळी प्रत आधीच करून ठेवावी, ४केची लायब्ररी वेगळी करावी आणि तिची परवानगी मोजक्यांनाच द्यावी. मोजक्यांत काका नाहीत, हे काकांना कळू न देणं तुमच्यावर.

एवढं सगळं जुळलं की दहा मिनिटं फोन वाजत नाही. मग वाजतो. "चित्र एकदम झकास आहे रे, पण बोललेलं काही ऐकू येत नाही." बाहेरगावच्या मोबाइलवर ५.१चा (सहा वाहिन्यांचा) आवाज स्टीरिओत उतरवला जात असतो. प्लेबॅकच्या ट्रान्सकोडिंग पानावर त्यासाठी आवाज वाढवायचा आकडा आहे, आधीपासून २ असतो, थोडा वाढवायचा आणि काकांना सांगायचं: "बंद करून परत लावा." ते विचारतात, "आणि दर्जा? तो जरा कमी करू का?"