लाखास लाख

दोन टेबलांमधल्या नोंदी ताडून पाहण्याचे काम जो सांगतो, त्याला ते नेहमीच दोन मिनिटांचे वाटते. एका टेबलात एक लाख ग्राहक, दुसऱ्यातही तितकेच. पहिल्यातले जे दुसऱ्यात नाहीत त्यांची यादी साहेबांना हवी होती. त्यासाठीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारायचा प्रश्न, मला वारशाने मिळाली होती, आणि ती पूर्ण झालेली कोणी पाहिल्याची नोंद नव्हती.

डेटाबेस आज्ञाधारक असतो, पण शहाणा असेलच असे नाही. दुसरा मार्ग सुचला नाही, की तो इकडची प्रत्येक नोंद तिकडच्या प्रत्येक नोंदीपुढे नेऊन उभी करतो. लाख गुणिले लाख म्हणजे एक हजार कोटी भेटीगाठी! ‘इंडेक्स टाका’, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून सूची करून ठेवा, हा सल्ला प्रत्येक सहकाऱ्याने स्वतंत्रपणे येऊन दिला. इंडेक्स होताच, परंतु क्वेरीत ज्यावरून ताडणी होत होती त्या ई-मेलच्या कॉलमवर ‘अप्पर’ (अक्षरे मोठ्या लिपीत करणारे) आणि ‘ट्रिम’ (कडेच्या मोकळ्या जागा छाटणारे) ही फंक्शने चढवलेली होती, आणि इंडेक्स मूळ मजकुराला ओळखतो, नटवलेल्या नव्हे. फंक्शनांसकट नवा इंडेक्स बांधणे शक्य होते. त्याआधी ‘एक्सप्लेन’ लिहून डेटाबेसची योजना मागवली, तेव्हा लाख नोंदींच्या टेबलात शेकडाभरच आहेत अशा समजुतीत तो वावरत असल्याचे दिसले. टेबलांविषयीची त्याची आकडेवारी ताजी करताच त्याने हॅशचा मार्ग धरला: एक टेबल मेमरीत रचून ठेवायचे आणि दुसरे एकदाच वाचायचे. त्याला इंडेक्सची गरजच नसल्यामुळे सल्लागार मंडळी किंचित हिरमुसली.

उत्तर आता काही क्षणांत आले: शून्य नोंदी. साहेब प्रसन्न झाले. मला मात्र क्वेरीतल्या ‘नॉट इन’चा, म्हणजे ‘त्या यादीत नाही’ या अटीचा, संशय आला. दुसऱ्या टेबलात ई-मेल न दिलेला एकच ग्राहक होता. त्या रिकाम्या जागेशी, म्हणजे ‘नल’शी, तुलना केली की उत्तर ‘हो’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही, ते ‘अज्ञात’ येते. त्यामुळे त्या एका गृहस्थापायी संपूर्ण यादी रिकामी होते. ती क्वेरी इतका काळ शून्यच सांगायला निघाली होती, फक्त ते ऐकेपर्यंत कोणी थांबले नव्हते.

‘नॉट इन’च्या जागी ‘नॉट एक्झिस्ट्स’ घातले; ते जुळणारी नोंद आहे की नाही एवढेच पाहते. यादी तितक्याच वेगाने आली, आणि चांगली लांबलचक आली. साहेबांनी ती खालपर्यंत सरकवून पाहिली आणि आधीची यादीच पुन्हा पाठवायला सांगितली.